तीन कोरी घरं

लोणबेहळकर काकांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं मोटारसायकलवरचंच आहे आणि वाचणाऱ्याचा भलताच समज व्हायला नको. मोटारसायकल सोडाच, सायकलसुद्धा ते हातात धरून नेत. तरी विदर्भात कुठे रॅली असली की भाग घेणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव असायचंच. पुढचा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदले. आधी एक कंपाउंडर होता, मग एक ग्रामसेवक, मग एक वायरमन. मागच्या सीटवर मात्र बारा वर्षं तेच होते. त्यांच्या शेवटच्या वर्षांतला पुढचा माणूस म्हणजे मी.

या रॅली म्हणजे शर्यत नव्हे. शर्यत असती तर मी काकांशिवायही जिंकलो असतो, असं मला तेव्हा वाटायचं. इथे निघताना हातात एक रोडबुक देतात. त्यात गावांची नावं नसतात. नुसती चौकटींची रांग असते आणि प्रत्येक चौकटीत एक टिंब, एक बाण, एखादी खूण आणि तिथवरचं अंतर. टिंब म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा. या चौकटींना काका घरं म्हणत. कुठल्या टप्प्यात ताशी किती वेगानं जायचं तेही दिलेलं असतं, कधी छत्तीस, कधी बेचाळीस, आणि त्या हिशेबानं ठरलेल्या मिनिटाला तपासणीच्या ठिकाणी पोचायचं. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण दंड, लवकर पोचलं तर दोन. दिवसअखेर ज्याचा दंड सगळ्यांत कमी तो पहिला. अख्ख्या दिवसात एकही दंड नाही, कार्डावर नुसतं शून्य, एवढी एकच गोष्ट काकांना आयुष्यात हवी होती. बारा वर्षांत ती एकदाही जमली नव्हती.

पोटासाठी काका जमिनी मोजत. भूमापक म्हणून मारेगाव, झरी, महागाव अशा बदल्या होत होत त्यांची नोकरी संपत आली होती. बिऱ्हाड मात्र यवतमाळातच, भाड्याच्या दोन खोल्यांत. अंगानं किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली, एक टोक केलेली आणि एक ती मोडली तर म्हणून. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी लावून घेतलेलं. मोजणीला गेले की गावातली माणसं त्यांना मोजणीवाले काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो.

आमची ओळख मारेगावच्या बसस्टँडसमोर झाली. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. शंभर सीसीची गाडी, मागे सॅम्पलची बॅग, आणि दिवसाला सात डॉक्टर भेटायचेच असा कंपनीचा धोशा. काकांची बस चुकली होती. असे ते एकदाच उशिरा आले असतील, किंवा बसच लवकर सुटली असेल. त्यांचं म्हणणं अर्थातच दुसरं होतं. वणीपर्यंत सोडता का म्हणाले, मी बसा म्हटलं. गाडी सुरू होताच मागून विचारणा झाली, "ताशी कितीनं जान तुम्ही?" मी म्हटलं, जमेल तेवढ्यानं. दोन मैलाचे दगड गेल्यावर म्हणाले, "अकरा वाजून अठरा मिनिटं होतील वणीच्या चौकात. वाटेत कोणाशी गप्पा मारल्या नाही तर." मला ते भविष्य खोटं पाडायची अशी खुमखुमी आली की मी गाडी पिळली. मग रेल्वे फाटक बंद लागलं. फाटक उघडून चौकात आलो तर चौकातल्या दुकानाच्या घड्याळात अकरा अठरा. मी चिडून विचारलं की फाटकाचं तुम्हाला कसं ठाऊक. ते म्हणाले, "फाटक धरूनच सांगतलं होतं. तुमच्या घाईचा हिशेब केला नव्हता, फाटकानं तो वळता करून घेतला."

त्याच चौकात चहा पिताना त्यांनी खिशातून नागपूरच्या रॅलीचं घडी केलेलं पत्रक काढलं. वायरमनची बदली झाली होती आणि त्यांना पुढचा माणूस हवा होता.

त्यांच्या मांडीवर एक लाकडी खोकं असायचं. आत दोन लाटणी आडवी बसवलेली. घरातली लाटणी सुताराला देऊन ती करून घेतल्याबद्दल काकूंनी त्यांना बरेच दिवस हातावर थापलेल्या भाकरीच वाढल्या होत्या. रोडबुकचे कागद एकाखाली एक चिकटवून त्याचा लांब पट्टा करायचा, तो एका लाटण्यावरून दुसऱ्यावर गुंडाळत जायचा, आणि गेलेल्या प्रत्येक घरात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खोकं टेकवायला माझी पाठ. हेल्मेटमुळे बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवीकडे, डाव्यावर म्हणजे डावीकडे, हेल्मेटवर पेन्सिल वाजली की हळू. पहिल्या रॅलीत माझ्या हेल्मेटवर दिवसभर पेन्सिल वाजत होती. आधीचे तिघे का पळाले ते मला दुपारपर्यंत कळलं.

त्या रॅलीत मी शेवटच्या टप्प्यात पेन्सिलीकडे सरळ कानाडोळा केला आणि नऊ मिनिटं आधी पोचलो. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. मिळाले अठरा गुण दंड. परतताना बुटीबोरीला थांबलो तेव्हा काका म्हणाले, "त्या नऊ मिनिटांत तू काय काय पाह्यलं नाही, सांगू?" आणि सांगू लागले. एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळस अवेळी फुललेला होता. एका घराच्या ओट्यावर म्हातारी कापसाच्या गादीला टाके घालून राहिली होती. पुलाच्या कठड्यावर कोणीतरी खडूनं गणित सोडवलं होतं आणि ते चुकलं होतं. वेगानं गेलो म्हणून त्यांना ते नीट तपासता आलं नव्हतं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं होतं.

"रस्ता वाचत जायचा बाप्पा, वळखत नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. ओळखीच्या भागात आपली रॅली जाते तेव्हा आपण हमखास चुकतो, असं त्यांचं मत होतं. बाहेरचा माणूस बिचारा घर पाहून वळतो. आपल्याला वाटतं, हे तर आपलंच, आणि पाय आपोआप नेहमीच्या वाटेला लागतात. म्हणून यवतमाळ जिल्ह्यात शिरलो की ते मुद्दाम मान खाली घालून बसत. समोरून सख्खा मेहुणा आला तरी वर पाहत नसत.

घरीही तोच कारभार. सहाला येतो म्हणून सांगून गेले आणि पावणेसहाला पोचले, तर फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली पंधरा मिनिटं उभे राहणार. काकूंना खिडकीतून दिसायचं. एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा विचारलं, काका आले नाहीत का अजून? काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आले आहेत, पण यायचे आहेत." मी खिडकीतून पाहिलं तर हे झाडाखाली घड्याळ धरून उभे. सहाच्या ठोक्याला आत आले आणि मला पाहून म्हणाले, तू लवकर आला वाटते.

हा माणूस हेकट होता, असं कोणाला वाटेल. मलाही वाटायचं. पण मी त्यांच्यासोबत एकदा महागावकडच्या एका मोजणीला गेलो. दोन भावांचं शेत, मधला धुरा कोणाचा यावरून दोघांचं बोलणं बंद. काकांनी आपल्या माणसांना बाजूला बसवलं आणि साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. सात वर्षं न बोललेले भाऊ दिवसभर एकमेकांना ताण, सोड, ताण, सोड करत होते. संध्याकाळी दगड बसले, दोघांनी सह्या केल्या. पुढच्या रविवारी काका पदरचं तिकीट काढून पुन्हा त्याच शेतात हजर. घरी आकडेमोड पुन्हा करताना त्यांना स्वतःची बेरजेतली एक चूक सापडली होती, दोन हातांची. कोणीही तक्रार केली नव्हती, केलीही नसती. काकांनी दोघा भावांना बोलावून सांगितलं, चूक माझी आहे, दगड हलवावा लागेल. धाकटा, ज्याची दोन हात जमीन जाणार होती, तोच पहार घेऊन आला. हे मला काकांनी सांगितलं नाही, त्या धाकट्यानं बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्याकडे त्या काळात कोणताही विषय काढला तरी फिरून कापसावरच यायचा. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि दोन-दोन दिवस हलायची नाही. माणसं गाडीखालीच चूल मांडायची. मी ज्या डॉक्टरांकडे जायचो त्यांची बाकडी रिकामी. पेशंट नाहीत असं नव्हे, पेशंट घरीच दुखणं काढायचे. औषधवाले माल परत करू लागले. काकांचं काम मात्र वाढलं होतं, कारण वाटण्या वाढल्या होत्या.

अमरावतीच्या एका रॅलीत जेवणाच्या मुक्कामाला बाहेरगावचा एक स्पर्धक आमच्या शेजारी बसला. भला माणूस होता. कुठले म्हणून विचारलं, काकांनी यवतमाळ सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. आवाज बारीक करून म्हणाला, म्हणजे ते, पेपरात येतं ते? मयताला आल्यासारखा त्यानं काकांच्या हातावर हात ठेवला. काकांनी तो ठेवू दिला. मग म्हणाले, "हो, तेच. पण आमच्याकडं झरीच्या बाजूला फार छान वळणं आहेत. एकदा या." परत येताना यवतमाळपर्यंत एक टिचकी नाही की पेन्सिल नाही. त्या आठवड्यात त्यांनी रॅलीचे प्रमुख असलेल्या नागपूरच्या मेजरसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं. यवतमाळ जिल्ह्याची नुसती दया येणाऱ्यांनी तो एकदा छत्तीसच्या वेगानं पाहावा, असा त्याचा मतलब होता. मेजरसाहेब सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं की पुढच्या जानेवारीतली रॅली यवतमाळहून सुटेल.

त्याच हिवाळ्यात मला कंपनीचं पत्र आलं. यवतमाळचं हेडक्वार्टर बंद, मी रायपूरला जायचं. माझी आई यवतमाळ सोडायला तयार नव्हती. वडील गेल्यापासून तिचं जग म्हणजे ती गल्ली, तो दत्ताचा पार आणि समोरच्या दोन म्हाताऱ्या. आणि नेमकं तेव्हाच नागपूरच्या एका टायरच्या वितरकानं जाहीर केलं की यवतमाळच्या रॅलीत जो पहिला येईल त्याला आम्ही या भागाचा फिरता माणूस म्हणून घेऊ, आणि तो राहील यवतमाळातच. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशीपासून ते रोज ऑफिस सुटल्यावर माझ्याकडे येऊ लागले. माझ्या गाडीचा मीटर किलोमीटरमागे किती खोटं बोलतो ते त्यांनी चाकावर खडूची खूण करून, रस्त्यावर साखळी टाकून मोजलं. "तुझा मीटर तुझ्यासारखाच आहे, थोडा पुढं पळते," म्हणाले.

रॅलीच्या दिवशी सकाळी सातला निघालो. पांढरकवडा, मग झरीचं जंगल, मुकुटबन. खरंच छान वळणं होती. कोलामांच्या एका पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, गेलो तेव्हा सगळा पोड रस्त्याच्या कडेला येऊन बसला होता. दर तपासणीला आमच्या कार्डावर शून्य पडत होतं. तिसऱ्या शून्यानंतर काका तपासणीला थांबल्यावरही बोलेनासे झाले. पाचव्यानंतर मीही.

मारेगावच्या अलीकडे तीन गावांच्या शिवा एका ठिकाणी मिळतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथला हद्दीचा दगड काकांनी मोजून बसवला होता. पुढे कोणी त्याला शेंदूर लावला, कोणी नारळ फोडला, आणि पाहता पाहता त्याचा शिवेचा मारुती झाला. काकांना याची गंमत वाटे आणि थोडी भीतीही. "जरा इकडंतिकडं बसवला असता तर देव चुकला असता," असं ते म्हणत. दगडापासून डावीकडे एक जुनी पांदण जाते, दोन शेतांच्या मधून, आणि गावाला बगल देऊन, जवळच्या वाटेनं, पलीकडच्या पुलाजवळ पुन्हा डांबरी रस्त्याला लागते. मोजणीला येता-जाता काका तिथून शेकडो वेळा पायी गेले असतील.

तो दगड आला तेव्हा माझ्या पाठीवरचं खोकं जरा हललं. मी आरशात पाहिलं. काकांनी मान वर केली होती आणि हात जोडले होते. मग डाव्या खांद्यावर टिचकी पडली. मी वळलो. दोन्ही बाजूंनी शेवटच्या वेचणीचा कापूस, मध्ये चाकोऱ्या, आणि मिनिट-दोन मिनिटांत आम्ही पुलापाशी डांबरीवर. मीटर रोडबुकपेक्षा कमी दाखवत होता. काकांना वाटलं, धुळीत चाक न फिरताच घसरलं. हेल्मेटवर पेन्सिल वाजली, मी गाडी रांगत नेली. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली, तिनं उरलेला वेळ खाल्ला. तपासणीला पोचलो ते ठरल्या मिनिटाला. तिथून यवतमाळपर्यंत आणखी दोन शून्यं.

चार वाजता मैदानात फळ्यावर आमचं नाव सगळ्यांत वर होतं. टायरवाल्यानं येऊन माझा हात हलवला आणि सोमवारी नागपूरला ये म्हणाला. मी आईला फोन करायला निघणार, तेवढ्यात काकांनी हाक मारली. ते मंडपाच्या मागे एका खुर्चीवर बसले होते. मांडीवर खोकं. सगळा पट्टा उलटा गुंडाळत ते पहिल्यापासून घरं तपासत होते. एका जागी बोट ठेवून त्यांनी मला दाखवलं. एकाखाली एक तीन घरं कोरी होती. पाण्याची टाकी, शाळा, पिठाची गिरणी. बरोबरची खूण नाही. रोडबुक सरळ गावात नेत होतं, टाकीवरून, शाळेवरून, गिरणीवरून, आणि मग पुलाकडे. गावात तपासणी नव्हती, म्हणून कार्डावर काहीच कमी नव्हतं.

मी म्हटलं, कोणी पाहिलं नाही काका.

"मीच पाह्यलं नाही," ते म्हणाले. "तीन घरं मी वाचलीच नाही. वळखून गेलो." आणि थोडं थांबून, "न वाचलेल्या रस्त्याचं शून्य मले नको बाप्पा."

मग मी जे बोललो ते लिहायला आजही लाज वाटते. तुमची नोकरी झाली, तुमची पेन्शन ठरली, तुम्हाला शून्य नको हे ठीक, माझ्या आईला काय सांगू, असं सगळं मी त्यांना म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"कार्ड दोघांचं आहे," ते म्हणाले. "पहिली सही तुझी आहे. तू नाही म्हणशील तर मी जात नाही. हा विषय पुन्हा काढणारही नाही."

मी लगेच हो म्हटलं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. मी पाणी प्यायला निघून गेलो. मैदानाच्या टोकाला टँकर होता, तिथे बराच वेळ उभा राहिलो. मला वाटत होतं, मी परत जाईपर्यंत हे जाऊन सांगून टाकतील आणि मला त्यांच्यावर रागावता येईल. परतलो तर काका तसेच खुर्चीवर बसलेले, पट्टा त्याच तीन घरांवर उघडा. माझ्याकडे पाहत नव्हते, बुटांकडे पाहत होते. त्यांनी खरंच माझ्यावर सोपवलं होतं. आणि एकदम मला दिसलं की बारा वर्षं मागितलेली वस्तू हा माणूस हातात धरून बसला आहे, आणि ती त्याला माझ्यापेक्षा जास्त हवी आहे. मी खोकं उचललं आणि म्हटलं, चला.

मेजरसाहेबांनी सगळं ऐकलं, पट्टा पाहिला, आणि फळ्यावरचं आमचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. नोकरी दुसऱ्या आलेल्या अमरावतीच्या मुलाला मिळाली, चांगला मुलगा होता. मी रायपूरला गेलो. आई महिनाभर रुसून मग माझ्यासोबत आली आणि तिथेही तिनं दोन म्हाताऱ्या शोधून काढल्या.

काकांचं दर महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर दोन ओळी, बाकी जागेत चार-पाच घरं काढलेली, टिंब आणि बाण. खाली लिहिलेलं असायचं, ओळख कुठलं वळण. मी ओळखायचो आणि उत्तर पाठवायचो. त्या परक्या शहरात मला यवतमाळ त्या घरांतून महिन्याच्या महिन्याला भेटायचं. नोकरी गेल्याचा राग पहिल्या दोन कार्डांपर्यंत टिकला असेल. त्यानंतर मी पोस्टमनची वाट पाहू लागलो.

तिसऱ्या वर्षी मेजरसाहेबांचा फोन आला. यवतमाळला पुन्हा रॅली करायची आहे, रस्ता आखायला आणि रोडबुक लिहायला माणूस हवा आहे, येशील का. मी विचारलं, मीच का. ते म्हणाले, "ज्यानं आपली कोरी घरं दाखवली, त्यानं लिहिलेलं रोडबुक मी पुन्हा तपासणार नाही." तेव्हापासून मी दर वर्षी रजा काढून रस्ते आखतो. पुढे माझी बदली नागपूरला झाली, केस पांढरे झाले, पण ते काम सोडलं नाही. मला आयुष्यात जो काही मान मिळाला तो औषधं विकून मिळालेला नाही. तो या कामानं दिला, आणि हे काम मला काकांनी दिलं. त्यांना ते सांगायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितो आहे.

मी आखलेल्या त्या पहिल्या रॅलीनंतर सहाएक महिन्यांनी काकूंचा फोन आला. काका सकाळी घड्याळ लावून झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रॅलीच्या दिवशीच.

रस्ता आखताना मी तो दुसऱ्या बाजूनं आणून त्याच गावातून नेला होता, टाकी, शाळा, गिरणी त्याच क्रमानं, आणि नंतर पांदणीनं परत फिरवून शिवेच्या मारुतीपाशी एक तपासणी ठेवली होती. तिथे बसायला काकांना पोस्टकार्ड पाठवून विचारलं. निवृत्त झाले होते, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालं होतं, पण उलट टपाली हो आलं. स्पर्धकांच्या पुढे एक गाडी सगळा मार्ग पाहून घेते, तिलाही कार्ड असतं. त्या गाडीवर मी होतो. एकटाच, पाठ मोकळी.

मारुतीपाशी आलो तर दोन मिनिटं लवकर. तपासणीच्या थोडं आधी पिवळी पाटी असते, वेळ झाल्याशिवाय तिच्या पुढे यायचं नाही. मी जवळजवळ ओलांडलीच होती. काकांनी खुर्चीतूनच हात आडवा केला.

"थांब. तुझी वेळ व्हायची आहे."

मी पाटीपाशी उभा राहिलो. पंधरा-वीस पावलांवर काका. डोक्याला उपरणं, डोळ्यांना हिरवा चष्मा, मांडीवर तेच लाटण्यांचं खोकं. शेजारी शेंदरी दगड, त्यांच्या खुर्चीएवढाच उंच. ते माझ्याकडे पाहत नव्हते, घड्याळाकडे पाहत होते. तीन वर्षांनी भेटत होतो आणि दोन मिनिटं मला त्यांच्याजवळ जाता येत नव्हतं, नुसतं पाहता येत होतं. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली होत्या. उशिरा आलो असतो तर ही दोन मिनिटं मला मिळाली नसती. लवकर येण्याचा एवढा फायदा मला त्यांच्यासमोर पहिल्यांदाच झाला.

मग त्यांनी हात खाली घेतला. मी पुढे गेलो. त्यांनी कार्डावर वेळ लिहिली, सही केली, आणि मग खोक्यातला पट्टा सरकवला. माझं नवं रोडबुक नव्हतं ते. कागद पिवळा पडला होता.

"गावातून आला ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"टाकी?"

"डाव्या हाताला."

त्यांनी पेन्सिलीनं खूण केली.

"शाळा?"

मी म्हटलं, शाळेची सुट्टी झाली होती, पोरं भिंतीवर बसली होती. त्यांनी खूण केली.

"गिरणी?"

"चालू होती. पट्ट्याचा आवाज लांबूनच येत होता."

तिसऱ्या घरात खूण करायला त्यांना थोडा वेळ लागला. ऑपरेशन झालेला डोळा कागदाजवळ नेऊन त्यांनी ती नीट चौकटीच्या आत केली, पट्टा गुंडाळला, आणि पुढची गाडी यायची आहे, बाजूला हो, म्हणाले.